रेघेच्या पुढं

रेघ पहिली. सकाळी ९.१०

माणूस ओरडला तेव्हा निशा मगरेनं त्याच्या पायाला हातही लावला नव्हता. नुसती चादर बाजूला केली होती. चादरीची कड नडगीवरून सरकली, एवढंच. तेवढ्यानं शेजारच्या कॉटवरचा पेशंट उठून बसला.

"रातीपासून असंच करतोय," त्याची म्हातारी आई म्हणाली. सारजाबाई तिचं नाव. "लहानपणापासून नाजूकच हाय माझा."

पायावर पाहावं तर फारसं काही नव्हतं. डाव्या नडगीवर बोटभर ओरखडा, त्यावर खपली, भोवती तळहाताएवढी लाली. एवढ्याशा ओरखड्यासाठी पंचेचाळिशीतला धिप्पाड माणूस उशीचं टोक दातात धरून पडला होता.

निशानं खिशातून काळा मार्कर काढला. लालीच्या कडेकडेनं कातडीवर रेघ ओढली, रेघेवर वेळ लिहिली. हे ती प्रत्येक लाल पायावर करायची. लाली रेघेच्या आत राहिली तर औषध चाललं. बाहेर आली तर धावपळ. रेघ पुरी झाल्यावर तिनं केसपेपर उचलला.

पुंजाराम दांडगे. मूळ गाव देवगाव रंगारी. नोकरी वाळूज. हुद्दा सेफ्टी ऑफिसर.

मार्करचं टोपण लावायचं राहून गेलं. तिच्या पांढऱ्या खिशावर काळा डाग पसरत गेला, तोही तिला दुपारी दिसला.

त्यानं तिला ओळखलं नाही. तोंडावर मास्क होता, आणि तसाही त्यानं तिला आयुष्यात एकदाच पाहिलं होतं, चार मिनिटं, गेटच्या गजांमधून.

बोर्ड: ६११

वाळूजमध्ये पत्रे दाबून सुटे भाग काढणारा एक कारखाना आहे. गेटच्या आत, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा, पांढऱ्या पत्र्याचा बोर्ड. त्यावर 'अपघाताविना दिवस' आणि खाली आकडा. रोज सकाळी आकडा एकानं वाढतो. कुणाला लागलं आणि ते रजिस्टरात चढलं की आकडा शून्य. हजार भरले की समारंभ, प्रत्येक कामगाराला प्रेशर कुकर, आणि सेफ्टी ऑफिसरला हेड ऑफिसात खुर्ची.

म्हणून त्या कारखान्यात एक रीत पडली. बोट कापलं की चिंधी गुंडाळायची, हात खिशात घालायचा आणि तसंच गेटबाहेर पडायचं. कुणी शिकवलं नव्हतं. शिफ्टची बस भरताना जितके हात खिशात तितकी बोटं कापलेली, हे वॉचमनलाही ठाऊक. हात बाहेर काढणारा म्हणजे चारशे घरांचा कुकर पळवणारा.

निशाचा धाकटा भाऊ बुद्धभूषण तिथं प्रेसवर होता. सुपरवायझर त्याला नुसतं भूषण म्हणत. नावाचा पहिला अर्धा भाग त्यांच्या तोंडात बसत नसे.

सहाशे अकराव्या दिवशी पत्र्याची कड त्याच्या तळहातात शिरली. दांडगे साहेब स्वतः आले, पाहिलं, म्हणाले, "खरचटलंय रे. हात खिशात घाल अन् नीघ."

सहाशे तेराव्या दिवशी दंड सुजला, अंगात ताप फणफणला. तो कामगार दवाखान्यासाठी पत्र मागायला गेला. पत्र द्यायचं तर अपघाताचा फॉर्म भरावा लागतो. दांडगेंनी प्रथमोपचाराच्या खोलीत त्याला दुखण्याचं इंजेक्शन टोचायला लावलं. "स्नायू आखडलाय. लई लाड करून घेऊ नको."

हे निशाला पुढं त्याच्याबरोबरच्या पोरांनी सांगितलं. एकेकट्यानं येऊन, 'आमचं नाव घेऊ नका ताई' म्हणत.

सहाशे चौदाव्या दिवशी संध्याकाळी रांजणगावच्या खोलीवरून त्याचा फोन आला. "ताई, बरंय आता. दुखायचं थांबलं एकदम. बोटं जरा बधिर लागतात, बाकी काय नाय."

निशा तेव्हा बाळंतिणींच्या वॉर्डात होती. दोघींना कळा सुटलेल्या. "थांबलं ना?" ती म्हणाली. "मग झोप आता."

तो झोपला.

बोर्ड: ६१५

बोर्ड: ६१९

त्याची पिशवी आणायला ती गेटवर गेली तेव्हा आकडा हा होता. त्याच्या मरणासाठी तो एक दिवसही अडला नव्हता. तिनं रजिस्टर मागितलं. दांडगेंनी गजांच्या आतूनच उघडून दाखवलं.

नाव:
दुखापत:
ठिकाण:
शेरा: निरंक

"बघा मॅडम. कंपनीत काही लागलंच नाही. घरी लागलं असेल. तुम्ही तर नर्स ना? मग तुमच्या लक्षात कसं आलं नाही?"

त्यानं सहज विचारलं आणि रजिस्टर मिटलं. निशा मात्र त्या प्रश्नासकट घरी आली. पुढच्या महिन्यात तिनं अर्ज करून बाळंतिणींचा वॉर्ड सोडला आणि इथं कॅज्युअल्टीत आली.

रेघ दुसरी. १०.०५

लाली रेघेच्या दोन बोटं पुढं आली होती.

रात्रपाळीपासून उभे असलेले शिकाऊ डॉक्टर सत्यम साडेनऊला पाहून गेले होते. कातडीखालचा साधा संसर्ग, सलाइन, अँटिबायोटिक, पाय उंच, संध्याकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर बघतील. कसं लागलं विचारल्यावर दांडगे म्हणाले होते, "घरी. मोटारसायकलचं स्टँड लागलं."

निशानं दुसरी रेघ ओढली. वेळ लिहिली. नाडी एकशे अठ्ठावीस. रक्तदाब खाली चाललेला. लालीच्याही पुढं, जिथं कातडी चांगली दिसत होती तिथं, बोटानं दाबून पाहिलं. मांस लाकडासारखं लागलं. दांडगे किंचाळले.

आता तिला शंका उरली नव्हती. गेल्या वर्षभरात तिनं बुद्धभूषणला नेणाऱ्या या जंतूबद्दल मिळेल ते वाचलं होतं. अर्ध्या गावाच्या घशात तो गुपचूप बसलेला असतो, पोरांना घसा दुखण्यापलीकडे काही करत नाही. पण एखाद्या ओरखड्यातून खाली उतरला की स्नायूवरच्या पातळ पडद्यावरून वणव्यासारखा पळतो. वरची कातडी सगळ्यात शेवटी सांगते. तोवर आतलं मेलेलं असतं, आणि त्याचं विष रक्तात. नव्या पोरींना ती शिकवायची, "जखम लहान अन् ओरड मोठी असली तर ओरडीवर विश्वास ठेवा. असल्या पायाला नुसतं औषध पुरत नाही, सुरी लागते, अन् ती आज लागते, उद्या नाही."

फोन भिंतीवर होता. सर्जन सायली मॅडम वरच्या मजल्यावर होत्या. चार अंक दाबायचे.

निशानं तक्त्यात नाडी लिहिली, रक्तदाब लिहिला. खरं तेच लिहिलं. धोक्याच्या लाल शाईनं लिहिलं नाही, एवढंच. सांगितलेलं सगळं ती करत होती. सलाइन चालू, पाय उंच. यापुढं तिनं काही बोलावं असं कुठल्याही कागदावर नव्हतं.

"तू कुठली गं पोरी?" सारजाबाईंनी विचारलं.

"पाचोडची."

"आडनाव?"

"मगरे."

"मगरे म्हंजी कोणाचे?"

"मुक्ताबाईचे."

"तसं नव्हं गं. म्हंजी आपल्यातले का..."

"आजी, पाय धरा त्यांचा. हलू देऊ नका."

"मोठी फटकळ हायेस," म्हातारी म्हणाली, पण हसून, आणि पाय धरला. "हजार दिवसाचा कारेक्रम हाय ना परवा. बक्षीस मिळणारे ह्याला. दोन दिसांत उभा कर बाई."

परवा. म्हणजे आज नऊशे अठ्ठ्याण्णव.

सूड

सूड असा झाला. निशा दोन वाजता ड्यूटी संपवून घरी गेली. संध्याकाळच्या राउंडला मोठे डॉक्टर आले तेव्हा दांडगेंचा पाय मांडीपर्यंत जांभळा झाला होता आणि त्यावर पाण्यानं भरलेले फोड होते. लघवी बंद झाली होती. डॉक्टर ओरडले, तक्ता मागितला. तक्त्यात सगळं लिहिलेलं होतं, वेळेसकट. बोट सत्यमकडे गेलं. सारजाबाई दारात बसून विचारत राहिली, दोन दिसांत उभा राहील ना? हजाराव्या दिवशी कारखान्यात कुकर वाटले गेले. त्याच दिवशी निशा पाचोडला गेली, आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, झालं गं. मुक्ताबाईनं विचारलं, काय झालं? निशा म्हणाली, दुसऱ्या एका म्हातारीचं पोरगं गेलं. आणि आई

वरचं काही घडलं नाही. ते निशाच्या डोक्यात घडत होतं, दहा वाजून पाच मिनिटांपासून पुढं पन्नास मिनिटं. दर वेळी 'आणि आई' इथं अडायचं. आई त्यावर काय म्हणेल ते तिला लिहिता येईना, म्हणून ती परत पहिल्यापासून सुरू करायची. परत जांभळा पाय. परत फोड. फोडांपाशी आली की तिला बरं वाटायचं. हेही खरंच आहे, लपवायचं कशाला.

रेघ तिसरी. १०.५५

"सिस्टर."

ती वळली. दांडगे उशीवर डोकं टेकून पडले होते. दातातली उशी सुटली होती. तोंडावर घाम होता, पण हसू होतं.

"बरं वाटतंय आता. दुखायचं थांबलं. एकदम थांबलं बघा."

"पावला गं देव!" सारजाबाईंनी दोन्ही हात जोडले. "मी म्हनलं नव्हतं? मग झोप आता बाळा. झोप."

निशानं खिशातली पिन काढली आणि लालीच्या मधोमध टोचली. दांडगे तिच्याकडे पाहत होते. त्यांना कळलं नाही. आणखी एकदा टोचली. रक्ताचा थेंब आला, माणूस हसतच होता.

दुखणं थांबलं नव्हतं. दुखणं कळवणाऱ्या नसा मेल्या होत्या.

मग झोप आता. म्हातारीचं हे वाक्य आता कुठं निशाच्या कानात उतरलं. हे वाक्य जगात दोनदा बोललं गेलं होतं आणि पहिल्यांदा ते तिनं बोललं होतं.

नाही. झोपून नाही. बुद्धभूषण झोपेत गेला. ह्याला तसं सुटू द्यायचं नाही.

तिनं भिंतीवरचा फोन ओढला. सत्यमला न विचारता चार अंक दाबले.

"मॅडम, कॅज्युअल्टीतून निशा. पुरुष, पंचेचाळीस, डावी नडगी. दोन तासांत लाली चार बोटं सरकली, रेघा मारल्यात. नाडी एकशे चाळीस, वरचा रक्तदाब शहाऐंशी. दुखणं आत्ता अचानक थांबलंय, पिन कळत नाही. आत सडतंय. ऑपरेशनला टेबल लावा."

"सत्यम काय म्हणतो?"

"त्याला तुम्ही विचारा. मी दहा वाजल्यापासून बघतेय, आणि मी उशिरा सांगतेय."

"येते."

सायली मॅडम तीन मिनिटांत खाली आल्या. लाकूड झालेल्या मांसावर त्यांनी हात ठेवला आणि सत्यमकडे पाहिलं नाही, यातच सत्यमला काय ते समजलं. "रक्त तपासणीला पाठवा, मग पेनिसिलीन चालू. जोडीला क्लिंडामायसिन, एक जंतू मारेल, दुसरं त्याचं विष बनवणं थांबवेल. सलाइन धो धो सोडा. सत्यम, रक्तपेढीत तू स्वतः पळ." मग दांडगेंना, सरळ, "पाय उघडावा लागेल. मेलेलं सगळं काढणार. उद्या परत उघडणार, गरज पडली तर परवाही. पाय वाचेल असं वचन देत नाही. तुम्हाला वाचवायचा प्रयत्न आहे. सही करा."

दांडगेंनी सही केली. हसू गेलं होतं.

"निशा, दुखापत कशी झाली ते नीट लिहून घे. मला खरं पाहिजे, माती, पत्रा, गंज, काय ते. टेबल तयार व्हायला दहा मिनिटं लागतील."

दहा मिनिटं

टेबल या दहा मिनिटांत तयार होणारच होतं. कागद भरला तरी, कोरा राहिला तरी. हे निशाला ठाऊक होतं. दांडगेंना नव्हतं.

तिनं स्टूल ओढून घेतलं, कागद मांडीवर ठेवला आणि मास्क खाली केला.

"कुठं लागलं?"

"सांगितलं ना. घरी, मोटारसायकलचं..."

"बोर्डावर आज नऊशे अठ्ठ्याण्णव ना साहेब? मग लागलं कधी? नऊशे शहाण्णवला?"

दांडगे तिच्याकडे बघत राहिले. गेटचे गज त्यांना आठवायला थोडा वेळ लागला.

"तुम्ही... भूषणच्या..."

"बुद्धभूषण. पूर्ण म्हणा. वेळ आहे."

"बुद्धभूषण," ते म्हणाले.

"कुठं लागलं?"

"सिस्टर, हे लिहिलं नाही तर... ऑपरेशन करणार नाहीत का?"

निशानं पेन उघडलं. हो म्हणाली नाही. नाही म्हणाली नाही. पेनाचं टोक कागदावर टेकवून बसून राहिली, आणि तिला त्या वेळी स्वतःची लाज वाटली नाही. वर्षभर तिनं 'निरंक' ऐकलं होतं. आता त्याला थोडं ऐकू दे.

सलाइनचे थेंब पडत होते.

"प्रेसशॉपमध्ये," दांडगे म्हणाले. "बंडलाची पट्टी तुटून लागली. परवा दुपारी. मी पँट खाली ओढली अन् आलो निघून. दोनच दिवस राहिले होते हो."

तिनं लिहिलं. "आणि सहाशे अकरा?"

"त्याचा ह्या पायाशी काय संबंध?"

"सहाशे अकरा."

"त्याच्या हाताला लागलं होतं," ते डोळे मिटून म्हणाले. "कंपनीतच लागलं. मी सांगितलं, खिशात घाल. पत्र मागायला आला तेव्हा ताप होता, मला दिसत होता. फॉर्म भरला असता तर आकडा गेला असता. मी इंजेक्शन द्यायला लावलं. वाटलं, उतरेल. मलाबी वाटलंच की उतरेल."

निशा लिहीत होती. तिचं लक्ष कागदावर होतं, म्हणून तिला आधी कळलं नाही की पाय धरलेले हात सुटलेत.

सारजाबाई उठून उभी होती. "पुंजा," ती म्हणाली. "ते पोरगं मेलं?"

दांडगेंनी मान भिंतीकडे फिरवली.

"तुला इचारते. मेलं व्हय ते?"

"व्हय, माय."

म्हातारी निशाकडे वळली. मग तिनं विचारलं, "मुक्ताबाई म्हंजी त्याची आई ना?"

"हो."

"अन् तरी तू फोन केलास?"

"सहज नाही केला आजी," निशा म्हणाली. "पन्नास मिनिटं लावली मी."

म्हातारीनं मान हलवली. ती मुलाच्या उशाशी परत गेली नाही. ट्रॉली आली, दांडगेंनी कागदावर सही केली, निशानं ट्रॉली ढकलली, आणि सारजाबाई भिंतीला धरून तिथंच उभी राहिली. आत जाताना दांडगे आईला हाक मारत होते. तिनं ओ दिली नाही.

असा सूड निशानं योजला नव्हता. तिला रजिस्टर हवं होतं. म्हातारी त्यात आपणहून आली.

ड्रेसिंग

जखम नडगीपासून मांडीपर्यंत, हातभर लांब. तीन ऑपरेशनं. रक्ताच्या रिपोर्टात तोच जंतू आला, लांबलचक नावाचा, जो बुद्धभूषणच्या रिपोर्टात त्याच्या मरणानंतर आला होता. दांडगे वाचले. पायही वाचला, पोटरी गेली.

वॉर्डातल्या सिस्टरला सांगून ड्रेसिंग निशा स्वतः करायला जायची. चिकटलेली पट्टी सोडवताना विचारायची, "दुखतंय?"

"लई," दांडगे म्हणायचे. डोळ्यांतून पाणी गळायचं.

"चांगलं आहे. दुखतंय म्हणजे जिवंत आहे."

हे ती प्रत्येक पेशंटला म्हणते. इथं म्हणताना मात्र ती पट्टी जरा सावकाश सोडवायची, आणि त्याचा तिला नर्स म्हणून काही खुलासा देता आला नसता.

पन्नास मिनिटांचं तिनं सायली मॅडमना लेखी दिलं. मॅडमनी तो कागद वाचला, घडी घातली. "चौकशी होईल," म्हणाल्या. "होऊ द्या," निशा म्हणाली.

दांडगेंच्या सहीचा कागद नियमाप्रमाणे पोलिसांत गेला, तिथून कारखाना तपासनिसाकडे. हजाराचा समारंभ झाला नाही. कुकर गोदामात पडून राहिले.

बोर्ड

सुटीच्या दिवशी ती वाळूजला गेली. शिफ्ट सुटत होती. गेटमधून माणसं बाहेर पडत होती, आणि एकाच्या अंगठ्याला पांढरी पट्टी होती, उघड्यावर, उन्हात. बाकीचे हात पुष्कळसे अजून खिशातच होते.

बोर्डावर आकडा होता २३.

निशानं मनातल्या मनात मोजलं. तेवीस दिवसांपूर्वी दांडगेंच्या पायाला लागलं होतं. म्हणजे कंपनीनं शून्य साहेबांच्या पायापासून धरलं होतं. सहाशे अकरा होता तसाच आत दाबलेला, वरून कातडी चांगली.

ती गेटमधून आत गेली. वॉचमन उठला. "ओ ताई, ओ! कुठं?"

ती बोर्डापाशी उभी राहिली. खिशातून काळा मार्कर काढला आणि पांढऱ्या पत्र्यावर, आकड्याच्या कडेकडेनं, पूर्ण फिरवून रेघ ओढली. रेघेवर वेळ लिहिली, संध्याकाळी ४.२०. त्याच्या खाली, मोठ्या अक्षरात, बुद्धभूषण मगरे, दिवस ६११.

वॉचमन धापा टाकत आला होता. त्यानं नाव वाचलं. हात पुढं केला होता, तो तसाच राहिला.

"हे काय करून ठेवलं ताई? साहेब मला विचारतील."

"त्यांना सांगा, खुणेची रेघ आहे," निशानं टोपण घट्ट लावलं. "हे नाव रजिस्टरात चढेपर्यंत आकडा आहे तिथंच, रेघेच्या आत ठेवा म्हणावं. पुढं गेला तर मी परत येणारे. आता मला उशीर होत नाही."